निदान न झालेला लाइम रोग

गोचिडीच्या चाव्यातून शरीरात शिरलेल्या बोरेलिया जीवाणूंचा संसर्ग वेळीच ओळखला न गेल्यामुळे उपचारांविना महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे राहतो, त्या अवस्थेस निदान न झालेला लाइम रोग असे म्हणता येईल. उत्तर अमेरिकेत हा रोग प्रामुख्याने बोरेलिया बर्गडॉर्फेरी या मळसूत्राकार जीवाणूमुळे होतो. युरोप व आशियात बोरेलिया अफझेली आणि बोरेलिया गारिनी हे त्याचे भाईबंदही कारणीभूत असतात. आरंभीच ओळखला गेल्यास सुमारे दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. तसे न झाल्यास सांधे, मज्जासंस्था व हृदय यांवर परिणाम होऊ शकतो. निदानातील चूक दोन्ही दिशांनी होते. खरा संसर्ग नजरेतून सुटतो, तसेच दुसऱ्याच कारणाने आलेल्या दुखण्यावर लाइमचा शिक्का बसतो.

लाइम गावातील शोध

रोगाचे नाव अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील लाइम या गावावरून पडले आहे. तेथील चित्रकार पॉली मरे (१९३४–२०१९) या १९६० च्या दशकात पुरळ, ताप, सांधेदुखी, डोकेदुखी व पराकोटीचा थकवा अशा बदलत्या तक्रारींनी त्रस्त होत्या. पुढे त्यांचे पती व मुलेही आजारी पडली. अनेक डॉक्टरांकडे जाऊनही एकसंध निदान मिळाले नाही, आणि आजार मानसिक असावा असेही त्यांना सुचविले गेले. मरे यांनी कुटुंबीयांच्या व शेजाऱ्यांच्या आजारांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या. १९७५ मध्ये त्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याकडे धाव घेतली. त्याच सुमारास ओल्ड लाइममधील दुसऱ्या एका मातेनेही परिसरातील अनेक मुलांना संधिवात झाल्याचे कळविले.

येल विद्यापीठातील ॲलन स्टीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लाइम, ओल्ड लाइम व ईस्ट हॅडम या लगतच्या तीन गावांत पाहणी केली. तीत ५१ रुग्ण आढळले व त्यांपैकी ३९ बालके होती. अनेक मुलांवर बालसंधिवाताचा शिक्का आधीच बसलेला होता. बालसंधिवात साथीसारखा पसरत नाही, आणि येथे तर एकाच रस्त्यावरील अनेक घरांत रुग्ण होते. सांधे सुजण्यापूर्वी काही आठवडे अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा उठल्याचे १३ रुग्णांनी सांगितले, आणि तोच महत्त्वाचा दुवा ठरला. स्टॉकहोम येथील त्वचारोगतज्ज्ञ आर्विड अफझेलियस यांनी गोचिडीच्या चाव्यानंतर उठणाऱ्या अशाच चट्ट्याची माहिती १९०९ मध्येच मांडली होती. युरोपातील त्वचारोगतज्ज्ञ पुढे त्यावर पेनिसिलिनही देऊ लागले होते. म्हणजे चट्ट्याचे ज्ञान त्वचारोगतज्ज्ञांपाशी होते, सुजलेले गुडघे मात्र संधिवाततज्ज्ञांकडे जात होते. 'लाइम संधिवात' या नावाने हे संशोधन १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. विली बर्गडॉर्फर यांना १९८१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील शेल्टर बेटावरून आणलेल्या गोचिडींत हा जीवाणू सापडला आणि १९८४ मध्ये त्यास त्यांचे नाव देण्यात आले. मरे यांचे 'द वायडनिंग सर्कल' हे आत्मकथन १९९६ मध्ये प्रकाशित झाले.

उपचारांविना रोगाचा क्रम

उपचार न मिळाल्यास पुढे काय होते याची सर्वांत विश्वसनीय माहिती याच परिसरातून मिळाली. रोगाचे कारण अज्ञात असताना, १९७६ ते १९७९ या काळात, चट्टा उठलेल्या ५५ रुग्णांना प्रतिजैविके दिली गेली नव्हती. त्यांचा सरासरी सहा वर्षे पाठपुरावा करून १९८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ११ जणांना पुढे काहीही झाले नाही. १० जणांना अधूनमधून सांधेदुखी होत राहिली. २८ जणांना संधिवाताचे एक वा अनेक झटके आले, तर ६ जणांना दीर्घकालीन सांधेदाह जडला. संधिवाताचे झटके वर्षागणिक विरळ होत गेले.

हा ओसरता-उसळता स्वभाव निदानाच्या मुळावर येतो. बहुधा एक गुडघा पाण्याने टम्म फुगतो, काही आठवड्यांनी आपोआप उतरतो आणि मध्येच चालू केलेल्या कोणत्याही औषधास त्याचे श्रेय मिळते. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, मेंदूच्या आवरणाचा दाह, पाठीतून हातापायांत झिणझिणत जाणारी वेदना ही मज्जासंस्थेची लक्षणे संसर्गानंतर काही आठवडे ते महिन्यांत दिसतात. हृदयातील विद्युत्‌वहनात अडथळा येणे दुर्मीळ आहे, परंतु सर्वाधिक धोका त्यातच आहे. नोव्हेंबर २०१२ ते जुलै २०१३ या काळात अमेरिकेत २६ ते ३८ वर्षे वयाच्या तिघांचा आकस्मिक मृत्यू झाला आणि लाइममुळे झालेला हृदयदाह शवविच्छेदनानंतर उघड झाला. योग्य उपचार मिळाल्यास हा अडथळा सहसा पूर्णपणे दूर होतो.

निदान का निसटते

चावा बहुधा लक्षातच येत नाही. संसर्ग पसरविण्यात निंफ अवस्थेतील गोचिडीचा वाटा मोठा असतो. ती खसखशीच्या दाण्याएवढी असते, चावताना दुखत नाही आणि काखेत, जांघेत, गुडघ्यामागे किंवा केसांत दडून राहते. उत्तर अमेरिकेत संसर्ग होण्यासाठी ती साधारणतः २४ तासांहून अधिक काळ चिकटून राहावी लागते. त्यामुळे रोज अंग तपासून गोचीड चिमट्याने सरळ ओढून काढणे हा साधा उपाय परिणामकारक ठरतो.

चट्टा सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत, चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत उठतो. तो खाजत वा दुखत नसल्याने पाठीवर असल्यास कळत नाही. पाठ्यपुस्तकांत दिसणारी नेमबाजीच्या लक्ष्यासारखी वर्तुळे प्रत्यक्षात सर्वांत दिसत नाहीत. पुष्कळदा चट्टा एकसारखा लाल असतो व कोळ्याचा चावा किंवा नायटा समजला जातो. सावळ्या वा काळ्या त्वचेवर तो मार लागल्याच्या डागासारखा दिसू शकतो. अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांत चट्ट्याच्या टप्प्यावर निदान होण्याचे प्रमाण कमी व संधिवाताच्या टप्प्यावर होण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे.

चट्टा दिसल्यास रक्ततपासणीची गरज नसते, त्यावरूनच उपचार सुरू करतात. रक्ततपासणीत जीवाणू शोधला जात नाही, त्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे शोधली जातात. ती तयार होण्यास काही आठवडे लागतात. म्हणून पहिल्या पंधरवड्यातील नकारात्मक अहवालाने रोग नाकारता येत नाही. उलट, बरे झाल्यावरही प्रतिपिंडे कित्येक वर्षे राहतात, म्हणून होकारार्थी अहवाल जुन्या संसर्गाचाही असू शकतो. खोटे होकारार्थी निष्कर्ष टाळण्यासाठी तपासणी दोन टप्प्यांत करतात. महिनोन्‌महिने सांधे सुजलेल्या रुग्णात मात्र ही तपासणी जवळजवळ नेहमीच होकारार्थी येते, हे अनेकदा विसरले जाते.

रुग्णाचे जीवन

निदानाविना जगणाऱ्या रुग्णाच्या तक्रारी निरनिराळ्या खोल्यांत वाटल्या जातात. गुडघा अस्थिरोगतज्ज्ञाकडे, बधिरपणा मज्जातज्ज्ञाकडे, धडधड हृदयरोगतज्ज्ञाकडे आणि थकवा बहुधा मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या थकव्यावर घरी व कामाच्या ठिकाणीही विश्वास बसत नाही. अमेरिकन कादंबरीकार एमी टॅन यांनी आपल्या उशिरा ओळखल्या गेलेल्या लाइम रोगाविषयी आणि त्या काळातील भास, विस्मरण व लेखनातील अडथळ्यांविषयी जाहीरपणे लिहिले आहे.

उशिरा निदान झाले तरी उपचार निरर्थक ठरत नाहीत. सांधेदाहावर साधारणतः २८ दिवस तोंडावाटे प्रतिजैविके दिली जातात व बहुसंख्य रुग्णांना गुण येतो. काहींमध्ये जीवाणू नष्ट झाल्यावरही सांध्यातील दाह चालू राहतो, तेव्हा संधिवाताची औषधे द्यावी लागतात. उपचारांनंतर थकवा, अंगदुखी व एकाग्रतेचा अभाव सहा महिन्यांहून अधिक टिकल्यास त्यास उपचारोत्तर लाइम लक्षणसमूह म्हणतात. तो का होतो हे निश्चित झालेले नाही.

'दीर्घकालीन लाइम' वाद

निदान न मिळालेल्या अनेकांनी आपल्या आजारास 'दीर्घकालीन लाइम' हे नाव स्वीकारले आणि काही डॉक्टर अशा रुग्णांना महिनोन्‌महिने शिरेवाटे प्रतिजैविके देऊ लागले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचण्यांत ९० दिवसांच्या उपचारांचा, तसेच २०१६ मध्ये नेदरलँड्समधील चाचणीत आणखी १२ आठवड्यांच्या उपचारांचा अतिरिक्त लाभ दिसला नाही. शिरेतील नळीमुळे होणारे जंतुसंसर्ग व रक्ताच्या गुठळ्या हा धोका मात्र खरा आहे. अमेरिकेच्या संसर्गजन्य रोग संघटनेने २००६ मध्ये दीर्घ उपचारांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्यावर कनेक्टिकटचे तत्कालीन ॲटर्नी जनरल रिचर्ड ब्लूमेंथल यांनी चौकशी आरंभली. तडजोडीनुसार नेमलेल्या स्वतंत्र समितीने २०१० मध्ये त्या सूचना योग्य ठरविल्या.

या वादात स्टीअर यांच्याच चिकित्सालयातील १९९३ चा अहवाल बोलका आहे. लाइमच्या संशयाने आलेल्या ७८८ रुग्णांपैकी १८० जणांनाच सक्रिय लाइम रोग होता. १५६ जणांना तो पूर्वी होऊन गेला होता व सध्याचे दुखणे निराळे होते, तर ४५२ जणांना तो कधीच झालेला नव्हता. त्यांचा त्रास खोटा होता असा याचा अर्थ नव्हे. त्यांचे खरे निदान अजून व्हावयाचे होते, आणि लाइमच्या नावाने ते लांबणीवर पडण्याची भीती होती.

भारत व मराठी भाषक

भारतात हिमाचल प्रदेश, हरयाणा, केरळातील वायनाड इत्यादी ठिकाणांहून लाइम रोगाचे तुरळक रुग्ण नोंदले गेले आहेत. सिंधुदुर्ग व गोव्यात गोचिडीमुळे पसरणारा माकडताप हा निराळा, विषाणुजन्य रोग असून त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. गुरांमधील गोचीडतापाशीही लाइमचा संबंध नाही.

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स या रोगग्रस्त राज्यांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. निंफ गोचिडींचा जोर तेथे मे ते जुलै या काळात असतो आणि भारतातून मुलांकडे गेलेले आईवडील बहुधा त्याच हंगामात मुक्कामास असतात. अंगणातील पालापाचोळ्यातून, झाडीलगतच्या पायवाटेवरून झालेला संसर्ग मायदेशी परतल्यावर, पुण्यात वा नागपुरात, सुजलेल्या गुडघ्याच्या किंवा वाकड्या झालेल्या चेहऱ्याच्या रूपाने प्रकट होऊ शकतो. गुडघ्याची सूज उतारवयातील झीज म्हणून सहज खपून जाते. अशा रुग्णाने मागील वर्षभरातील प्रवास आपण होऊन डॉक्टरांस सांगणे आवश्यक असते, कारण रोग विरळ असलेल्या प्रदेशात हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.