दोन नॉबमधला इतिहास : गिटार प्रोसेसर, पॉवर अ‍ॅम्प आणि सिग्नलची पातळी

हा पाठ एका जळलेल्या स्पीकरपासून सुरू करतो, कारण तो माझ्यामुळे जळला होता.

जबलपूरच्या पूर्वेला खमरिया आहे. इथली आयुध निर्माणी 1942 सालची, आणि जवळच तोफगोळ्यांच्या चाचणीचा लाँग प्रूफ रेंज. त्यामुळे इथल्या माणसाला मोठ्या आवाजाचं फारसं अप्रूप नाही. वसाहतीतल्या गणेशोत्सवात आमच्या मुलांनी एके वर्षी बँड उभा केला. गिटारसाठी एक मल्टि-इफेक्ट प्रोसेसर होता. पॉवर अ‍ॅम्प आणि दोन पेट्या टेंट हाउसवाल्याकडून भाड्याने आणल्या. जोडणी मी केली. इंजिनिअरिंग शिकवतो म्हटल्यावर दुसरं कोण करणार? प्रोसेसरचं आउटपुट पूर्ण वर ठेवलं आणि अ‍ॅम्पचा नॉब अर्ध्यावर. अर्धा नॉब म्हणजे अर्धी शक्ती, म्हणजे सुरक्षित, असा माझा हिशेब. तिसऱ्या गाण्यात अ‍ॅम्पवरचा लाल दिवा सतत पेटून राहिला. आरतीच्या वेळी पाहिलं तर एका पेटीचा हॉर्न मुका झाला होता. भरपाई मी दिली, पण त्या गृहस्थांचं पुढच्या दोन दिवसांचं भाडं बुडालं ते बुडालंच.

माझा हिशेब कुठे चुकला हे समजायला थोडं मागे जावं लागेल, आणि गिटारपाशी नाही तर टेलिफोनपाशी.

25 जानेवारी 1915 रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को ही टेलिफोन लाइन औपचारिकपणे सुरू झाली. इतक्या लांब तारेत आवाज विरून जातो, म्हणून वाटेत निर्वात नळ्यांचे प्रवर्धक बसवले होते. तिथे अभियंत्यांसमोर एक साधा पण चिवट प्रश्न आला : प्रवर्धकाच्या तोंडाशी सिग्नल किती असावा? कमी असला तर तारेतली खरखरही त्याच्याबरोबर वाढते. जास्त असला तर नळीची मर्यादा ओलांडून त्याचे शेंडे कापले जातात. या दोन टोकांमधली जी सुरक्षित जागा, ती प्रत्येक टप्प्यावर सांभाळायची. आपल्या पाठाचा सगळा विषय एवढाच आहे; पुढे बदलत गेली ती फक्त यंत्रं.

मोजायचं कशात, हा त्यानंतरचा प्रश्न. आधी 'इतके मैल प्रमाणित केबल' असं माप होतं. 1924 च्या सुमारास बेल कंपनीने त्याऐवजी लॉगरिदमवर आधारलेलं एकक घेतलं आणि त्या दशकाच्या अखेरीस त्याला डेसिबल हे नाव मिळालं. संदर्भ म्हणून 600 ओहमच्या भारात 1 मिलिवॅट शक्ती धरली. वर्गमूळ काढून पाहा : व्होल्टेज 0.775 येतं. पॉवर अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात 'संवेदनशीलता 0.775 व्होल्ट' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. हा आकडा कुणी अ‍ॅम्पसाठी शोधलेला नाही, तो टेलिफोनच्या तारेतून आलेला आहे. (आमच्या गावात रिज रोडवर 1942 पासून दूरसंचाराचं प्रशिक्षण चालतं आणि सैन्याच्या सिग्नल्स विभागाचंही केंद्र इथेच आहे. ही 600 ओहमची भाषा जबलपूरला गिटारच्या कितीतरी आधी येत होती.)

दुसरा आकडा प्रोसेसरच्या मागे सापडतो : अधिक 4. त्याची गोष्ट मला विशेष आवडते. अमेरिकेत रेडिओ कंपन्या आणि टेलिफोन कंपनी यांचे मीटर वेगवेगळे होते. एकाच कार्यक्रमाची पातळी दोघे दोन तऱ्हांनी सांगत. 1939 मध्ये बेल लॅब्ज, एनबीसी आणि सीबीएस यांनी मिळून व्हीयू मीटर ठरवला. पण हा मीटर लाइनवर थेट जोडला तर तोच सिग्नल बिघडवतो. म्हणून त्याच्याशी 3600 ओहमचा रोध एकसरीत जोडला. त्यामुळे काटा 4 डेसिबल कमी दाखवू लागला. म्हणजे काटा शून्यावर असताना लाइनवर प्रत्यक्षात अधिक 4, सुमारे 1.23 व्होल्ट. तीच पुढे व्यावसायिक ध्वनियंत्रांची पातळी झाली. एका रोधाने जगभरच्या स्टुडिओंची सवय ठरवली म्हणा ना. घरगुती यंत्रांनी मात्र वेगळी वाट धरली : उणे 10, म्हणजे 1 व्होल्टच्या तुलनेत 10 डेसिबल खाली, 0.316 व्होल्ट. दोन्हींत जवळजवळ चौपट अंतर आहे. प्रोसेसरच्या मागची छोटी सरकपट्टी किंवा मेनूतला पर्याय बहुतेक वेळा या दोहोंतली निवड असतो, आणि ती चुकली तर पुढचे सगळे नॉब खोटं बोलू लागतात.

आता गिटारकडे. 1932 च्या आसपास विद्युत गिटार बाजारात आलं तेव्हा हा प्रश्न वाजवणाऱ्याचा नव्हताच. पिकअपमधून येणारा सिग्नल व्होल्टच्या काही दशांशांचा. त्याला वाढवणारा आणि स्पीकर हलवणारा अ‍ॅम्प एकाच पेटीत, एकाच कारखान्यातला. आतल्या टप्प्यांच्या पातळ्या आरेखन करणाऱ्याने आधीच जुळवलेल्या. वाजवणाऱ्याच्या हातात एक व्हॉल्यूम असे. मग तो पूर्ण फिरवला की नळ्या मर्यादा ओलांडतात आणि स्वराला एक दाणेदार कडा येते, हे वादकांच्या ध्यानात आलं. 1962 मध्ये लंडनला मार्शलचे अ‍ॅम्प सुरू झाले, त्याच वर्षी अमेरिकेत मेस्ट्रोचा फझ-टोन बाजारात आला. टेलिफोनवाल्यांनी पन्नास वर्षं जे टाळलं, ते संगीतकारांनी मुद्दाम मागून घेतलं.

पण ती कडा हवी असेल तर कानठळ्या बसवणारा आवाज सोसावा लागे. तोडगा म्हणून पुढे गेन आणि मास्टर असे दोन नॉब वेगळे झाले : विरूपण आधीच्या टप्प्यात, मोठेपणा शेवटच्या. एकदा हे वेगळं झाल्यावर पेटीही फुटली. 1987 चा एडीए एमपी-1 हा नुसता प्रीअ‍ॅम्प होता, पॉवर अ‍ॅम्प तुम्ही वेगळा आणायचा. 1998 मध्ये लाइन 6 चं पॉड आलं आणि अ‍ॅम्पच काय, स्पीकरची पेटीसुद्धा गणिताने नकलली जाऊ लागली. कारखान्यात जी पातळी जुळवली जायची, ती आता एका केबलच्या दोन टोकांना उघडी पडली. ती जुळवण्याची जबाबदारी कधी वादकाकडे गेली हे बऱ्याच वादकांना कळलंच नाही. मलाही नव्हतं.

आता माझा हिशेब तपासू. समजा अ‍ॅम्प 8 ओहमला 200 वॅट देतो. म्हणजे आउटपुट 40 व्होल्ट. हे 0.775 व्होल्टला मिळत असेल तर व्होल्टेज सुमारे 52 पट वाढतं. ही पट ठरलेली असते. समोरचा नॉब शक्ती वाढवत नाही. तो आत येणारा सिग्नल फक्त कमी करतो. अर्ध्या फिरकीवर समजा तो 12 डेसिबल, म्हणजे एक चतुर्थांश करतो. प्रोसेसरमधून 4 व्होल्ट येत असतील तर उरतो 1 व्होल्ट, आणि अ‍ॅम्पला पूर्ण शक्तीसाठी 0.775 च पुरे होते. म्हणजे नॉब 'अर्ध्यावर' असताना अ‍ॅम्प मर्यादेच्या पलीकडे होता. कापलेल्या लहरीत सरासरी ऊर्जा वाढते आणि वरच्या स्वरमालिकेत बरीच भर पडते. त्यात मी स्पीकर-नक्कल बंद ठेवली होती. गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही वाजवत नाही, म्हणून गिटारच्या पेटीला ती बंद ठेवणं योग्य. पण टेंट हाउसच्या पेटीत हॉर्न होता आणि तो सगळी करकर इमानाने वाजवत राहिला, जळेपर्यंत.

तेव्हापासून मी उलट्या बाजूने सुरू करतो. अ‍ॅम्पचा नॉब बंद. प्रोसेसरवरचा सर्वांत मोठा पॅच, बहुधा सोलोचा, जोरात वाजवायला लावायचा आणि आउटपुट वाढवत क्लिपचा दिवा लागण्याच्या थोडं खाली थांबायचं. मग तिथे हात लावायचा नाही. मंडपाला पुरेल इतका आवाज अ‍ॅम्पच्या नॉबने आणायचा. खरखर ऐकू आली तर बहुधा प्रोसेसर फार खाली आणि अ‍ॅम्प फार वर आहे.

पॅच घरी हळू आवाजात बनवले असतील तर मंडपात ते बदललेले वाटतील. तो दोष यंत्राचा नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवलं की हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. घरी भरून काढलेला खर्ज मंडपात घुमतो. म्हणून पॅचच्या आपापसातल्या पातळ्या प्रत्यक्ष वाजवायच्या आवाजालाच जुळवाव्यात.

आणि मंडपाचा आवाज किती, हेही आपल्या मर्जीवर नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल धरले आहेत.

त्या टेंट हाउसवाल्यांकडून आम्ही पुढच्या वर्षीही पेट्या आणल्या. या खेपेला अ‍ॅम्पच्या नॉबवर पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर पेनाने एक रेघ. त्या रेघेच्या पुढे जायचं असेल तर आधी त्यांना बोलवायचं, मला नाही, असं त्यांनी मुलांना बजावून सांगितलं होतं.