बशीतले दवबिंदू

पावसाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या एखाद्या सड्यावर किंवा साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलात, तर ओल्या कातळाशी वाकून जरा बारकाईने पाहा. गवतात एक नाजूक, तांबूस रोपटे दिसेल. पाने दोऱ्यासारखी, आणि त्यांच्या केसाकेसावर एकेक चकाकणारा थेंब. भर दुपारी सगळीकडचे दव उडून जाते, याचे मात्र तसेच! कारण ते दवच नव्हे, तो चीक आहे. चिलट त्यावर बसले की चिकटते, धडपडते, आणि भोवतालचे केस हळूहळू त्याच्यावर वाकतात. आपल्याकडे या झाडाला दवबिंदू म्हणतात. शास्त्रीय नाव ड्रोसेरा.

झाड प्राण्याला खाते, ही गोष्ट शहाण्यासुरत्या माणसांच्याही गळी उतरायला शंभरावर वर्षे लागली. 1759 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना प्रांताचे गव्हर्नर आर्थर डॉब्स यांनी माशी पकडणाऱ्या एका झाडाची हकीकत पत्रातून इंग्लंडला कळवली. तेच आजचे व्हीनस फ्लायट्रॅप. त्याच्या पानाच्या दोन पाळ्या असतात आणि प्रत्येक पाळीवर सहसा तीन केस. केसाला थोड्या वेळात दोनदा धक्का लागला की पाळ्या फटकन मिटतात. लंडनच्या जॉन एलिस यांनी 1769 मध्ये स्वीडनच्या लिनियस यांना लिहिले की, हे झाड बहुधा किड्यांवर पोसत असावे. लिनियस म्हणजे त्या काळचे वनस्पतिशास्त्राचे थोरले गुरुजी. त्यांना ते पटले नाही. आपली लाजाळू मिटते तसेच हे मिटते, किडा निपचित पडला की पान त्याला सोडून देते, असे त्यांचे मत पडले. मोठ्या माणसाचे मत म्हटल्यावर पुढे बराच काळ तेच चालले.

मग 1860 चा उन्हाळा आला. चार्ल्स डार्विन ससेक्समधल्या एका माळरानावर फिरत होते. त्यांनी सहज डझनभर दवबिंदू उपटले आणि पाने मोजली. पूर्ण उघडलेली पाने छप्पन्न, त्यांतल्या एकतिसांवर मेलेले किडे! झाले, या गृहस्थांनी दवबिंदू घरात आणून त्याला जेवू घालायला सुरुवात केली. मांसाचा तुकडा, अंड्याचा बलक काढून उरलेले पांढरे, दूध, साखर, डिंक, ऑलिव्हचे तेल, चहासुद्धा! मांस, अंडे, दूध यांवर केस वाकले. साखर, डिंक, तेल, चहा यांना पानाने दादच दिली नाही. ज्या पदार्थात नत्र आहे, त्यालाच झाड ओळखत होते. या खटाटोपाचे पुस्तक बाहेर पडले ते 1875 मध्ये. मधे पंधरा वर्षे गेली, बरं का!

तरी शंका उरलीच. झाड किडा पचवते खरे, पण त्याला त्याचा फायदा काय? उत्तर डार्विन यांचा मुलगा फ्रान्सिस याने शोधले, आणि मला सर्वांत आवडणारा प्रयोग हाच. सामान काय, तर सूप प्यायच्या सहा खोलगट बशा! 1877 साली त्याने त्यांत दवबिंदू दाट लावले, प्रत्येक बशीत मधोमध लाकडी पट्टी घातली आणि किडे बसू नयेत म्हणून वरून जाळी टाकली. पट्टीच्या एका बाजूच्या पानांना भाजलेल्या मांसाचे बारीक कण दिले, दुसऱ्या बाजूला उपाशी ठेवले. हंगामाअखेर पोसलेल्या बाजूला बिया जवळजवळ अडीचपट आल्या आणि त्यांचे वजन पावणेचारपट भरले. 1878 मध्ये हे छापून आले आणि वाद बराचसा मिटला.

हे सगळे मला फार उशिरा वाचायला मिळाले. शिक्षक असताना मी मुलांना घेऊन सड्यावर गेलो होतो. पाच-सहा रोपे मुळासकट उपटून आणली, शाळेतल्या कुंडीत काळी माती घातली, चाळलेले शेणखत घातले आणि रोज विहिरीचे पाणी घातले. आठवड्याच्या आत रोपे काळी पडली. एका मुलाने विचारले, "गुरुजी, ह्यांना खायला कमी पडलं का?" मी हो म्हणून मोकळा झालो. खरे तर जास्त झाले होते. जांभ्या कातळावरच्या चिमूटभर मातीत नत्र नसल्यासारखेच, म्हणून तर हे झाड किड्यांच्या मागे लागले. त्याची मुळे नाजूक, खत त्यांना सोसत नाही. विहिरीच्या पाण्यातले क्षारही सोसत नाहीत.

तेव्हा ज्यांना घरी किंवा शाळेत लावायचे असेल, त्यांनी धुतलेली जाड वाळू आणि शेवाळी पीट, ही रोपवाटिकेत मिळते, निम्मी-निम्मी घ्यावी. कुंडी लहान चालेल, पण ती पाण्याच्या बशीत उभी असावी आणि पाणी पावसाचेच असावे. ऊन भरपूर हवे. मांस, भात काही भरवू नये, चिलटे आपली आपण येतात. व्हीनस फ्लायट्रॅपही हल्ली विकत मिळते, पण त्याला हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते, म्हणून नवशिक्याने दवबिंदूपासूनच सुरुवात करावी. एक मात्र पक्के. रानातले रोप उपटायचे नाही. नॉर्थ कॅरोलायनात फ्लायट्रॅपची इतकी चोरी झाली की 2014 पासून तो तिथे गंभीर गुन्हा ठरला. आपले कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेले, तिथून तर फूलही आणायचे नाही. बी किंवा रोप घ्यायचे ते घरी वाढवणाऱ्याकडूनच.

बी धुळीसारखे बारीक असते. ते पुरू नये, ओल्या वाळूवर नुसते शिंपडावे, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. पाने उघडली की मुलांना वही द्यावी आणि किती पानांवर किडे सापडतात ते मोजू द्यावे. आपल्या सड्यावरचा दवबिंदू वर्षायू आहे. पाऊस सरला की तो वाळतो, तेव्हा रोप मेले म्हणून कुंडी फेकू नये. बोंडे कागदावर झटकून बी पुडीत बांधावे, डब्यात कोरडे ठेवावे आणि मृगाचा पाऊस नीट बसला की पुन्हा त्याच वाळूवर टाकावे.