ताणलेलं रबर तापवलं तर? : नरडाणा येथील व्याख्यानाचं शब्दांकन

 

"उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात." हे वाक्य इथे बसलेल्या प्रत्येकाने शाळेत पाठ केलेलं आहे. नरडाण्याच्या माणसाला तर ते पुस्तकातून शिकायचीही गरज नव्हती. आपल्या ताप्ती लाइनवर पूर्वी रुळांच्या सांध्यात बोटभर फट ठेवलेली असायची आणि गाडीची ती खडखड त्या फटींमुळेच यायची. मे महिन्यात रूळ लांबतात, म्हणून जागा सोडलेली. लोखंडाचं ठीक आहे. आता प्रत्येकाला एकेक फुगा दिलेला आहे, तो फुगवायचा नाही. कात्रीने त्याची बोटभर रुंद पट्टी कापा आणि ओल्या फडक्याने तिच्यावरची पावडर पुसून घ्या. तेवढ्यात आम्ही थोडं बोलून घेतो.

आम्ही तत्त्वज्ञानाचे. आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलं, त्यामुळे असं सर्वव्यापी वाक्य ऐकलं की आम्हाला अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' आठवतो. 'जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी' या अटळ साहचर्याला नैयायिक व्याप्ती म्हणतात. पण वाक्य उलटं फिरवा. 'जिथे जिथे अग्नी, तिथे तिथे धूर' हे खरं आहे का? नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद गोळा बघा, अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का दिसतो? लाकूड ओलं असतं म्हणून. म्हणजे साहचर्य अग्नीचं आणि धुराचं नव्हतंच, मधे एक अट लपलेली होती. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. हा एवढा एकच शब्द आज लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

आता इतिहासाकडे वळू. रबर मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. फ्रेंच शास्त्रज्ञ ला कोंदामीन याने १७३६ मध्ये तिथून त्याचे नमुने पॅरिसला पाठवले. युरोपात बराच काळ ही नुसती गंमतीची वस्तू होती. १७७० मध्ये प्रीस्टली या इंग्रज रसायनतज्ज्ञाने नोंद केली, की पेन्सिलीच्या खुणा याने छान पुसल्या जातात. घासायचं म्हणून त्याला 'रबर' नाव पडलं, आणि आपण तर खोडरबरच म्हणतो. इंग्रज त्याला 'इंडिया रबर' म्हणायचे, पण त्या नावाशी आपल्या देशाचा काडीचाही संबंध नव्हता. पुढे रबराचा जो जागतिक व्यापार झाला, विशेषतः काँगोत, तो रक्ताने माखलेला आहे. त्यावर वेगळं व्याख्यान होईल, आज तिकडे जात नाही.

आपला माणूस इंग्लंडच्या उत्तरेतला, केंडल नावाच्या लहान गावातला. जॉन गॉफ, जन्म १७५७. तिसरं वर्ष लागायच्या आत देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. देवी म्हणजे काय, हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही, आमच्या दंडावर लस टोचल्याचे वण आहेत. तर हा दृष्टिहीन माणूस गणित शिकला, वनस्पतिशास्त्र शिकला. झाडाची ओळख तो बोटांनी, ओठांनी आणि जिभेच्या टोकाने पटवायचा. शिकवायचाही. ज्या जॉन डाल्टनचा अणुसिद्धांत आपण शाळेत वाचतो, तो डाल्टन या गॉफकडे शिकलेला.

१८०२ मध्ये गॉफने मँचेस्टरच्या साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळासाठी एक पत्र लिहिलं, ते १८०५ मध्ये छापून आलं. त्या काळी भौतिकशास्त्राला 'नैसर्गिक तत्त्वज्ञान' म्हणत, म्हणून मंडळाच्या नावात तत्त्वज्ञान आहे. आमच्या खात्याचं राज्य तेव्हा मोठं होतं! पत्रात रबराचे तीन प्रयोग आहेत. यंत्र एकही नाही.

पहिला प्रयोग आपण आत्ताच करू. पट्टीची दोन टोकं दोन्ही हातांच्या चिमटीत धरा. मधला भाग खालच्या ओठाला हलकेच टेकवा. काही वाटत नाही ना? आता ओठापासून जरा दूर घ्या, झटकन जेवढी ताणता येईल तेवढी ताणा, आणि ताणलेलीच लगेच ओठाला लावा. ... हं, कुजबुज ऐकू आली. गरम लागली. आता घाई नको, ताणलेलीच हवेत धरून ठेवा, वीसेक सेकंद. तिची ऊब निघून जाऊ दे. आता ढिली सोडा आणि पुन्हा ओठाला लावा. गार! मागच्या रांगेत ज्यांची तुटली असेल, त्यांनी दुसरा फुगा घ्या. चष्मा असेल तर डोळ्यांवर राहू द्या, पट्टी डोळ्याला लागता कामा नये.

ओठच का? तळहाताची कातडी जाड असते आणि हाताची स्वतःची ऊब पट्टीत उतरते. ओठाची त्वचा पातळ. बाळाचं दूध कोमट आहे का, हे आई तळहातावर बघत नाही, मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघते, तसंच हे. डोळस माणसाने बहुधा काचेचा तापमापक आणला असता, आणि त्या काळच्या जाड फुग्याच्या तापमापकाला एवढ्याशा पट्टीतला क्षणभराचा फरक कळला असता की नाही, शंकाच आहे. गॉफने जवळ होतं ते उत्तम साधन वापरलं. 'तर्कसंग्रहा'त स्पर्श तीन प्रकारचा सांगितला आहे: शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत, म्हणजे ना गार ना गरम. रबराची पट्टी नुसती पडलेली असते तेव्हा ती तिसऱ्या वर्गातली. ताणली की पहिल्या दोन वर्गांत ये-जा करते. अन्नंभट्टाला हे दाखवायला मजा आली असती.

दुसरा प्रयोग घरी करा. खिळ्याला पट्टी टांगा, खाली एखादं कुलूप अडकवा. पट्टी ताणून मूळच्या दुप्पट तरी व्हायला हवी. कुलपाच्या मागे भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. आता केस वाळवायच्या मशीनने पट्टीवर वरपासून खालपर्यंत गरम हवा सोडा. मशीन नसेल तर मे महिन्याचं ऊन आहेच, फक्त वारा लागता कामा नये. ज्योत मात्र जवळ न्यायची नाही. पाठ केलेल्या वाक्याप्रमाणे कुलूप खाली यायला हवं. ते वर जातं. काही मिलीमीटर, चांगली पट्टी असेल तर सेंटीमीटरभर. पट्टी गार झाली की पुन्हा खाली येतं. हे गॉफने १८०२ साली लिहून ठेवलं आहे: वजन बांधलेली रबराची दोरी उष्णतेने आखडते आणि थंडीने लांबते.

त्याने कारणही दिलं होतं, पण ते टिकलं नाही. त्या काळी उष्णता म्हणजे 'कॅलरिक' नावाचा एक अदृश्य द्रव मानत, आणि रबर ताणलं की तो बाहेर पडतो, अशा धर्तीवर त्याची मांडणी होती. ओलं फडकं पिळल्यासारखं म्हणा. आज हे वाचून हसू येतं, पण त्या वेळच्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांचंही तेच मत होतं. निरीक्षण मात्र जसंच्या तसं उभं राहिलं.

पुढची पन्नासेक वर्षं त्याकडे फारसं कुणी वळलं नाही. याला एक व्यावहारिक कारणही होतं. कच्चं रबर मोठं लहरी होतं, थंडीत दगड आणि उन्हाळ्यात चिकट गोळा. गॉफलासुद्धा पट्टी लवचिक व्हावी म्हणून आधी कोमट पाण्यात ठेवावी लागली. रबराचा थर दिलेले मॅकिंतॉशचे रेनकोट १८२३ नंतर निघाले खरे, पण खानदेशच्या उन्हाळ्यात ते खुंटीलाच चिकटून बसले असते. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक मिसळून रबर तापवलं आणि ते टिकाऊ झालं. इंग्लंडमध्ये हँकॉकने तेच साधून पेटंटही घेतलं. रोमन अग्निदेवता व्हल्कन, तिच्यावरून या क्रियेला 'व्हल्कनायझिंग' नाव मिळालं. आपल्या मुंबई-आग्रा रस्त्यावर पंक्चरवाल्याच्या पत्र्याच्या पाटीवर हा शब्द किती प्रकारे लिहिलेला सापडतो ते मोजा! गुडइयर कर्जापायी तुरुंगात गेला आणि १८६० मध्ये कर्जातच मेला. त्याचं नाव असलेली टायर कंपनी पुढे दुसऱ्याच लोकांनी काढली.

टिकाऊ रबर हातात आल्यावर मँचेस्टरचाच जेम्स जूल या प्रश्नाकडे वळला. बिअर गाळणाऱ्याच्या घरातला हा माणूस तापमानाचा अतिसूक्ष्म फरक मोजण्यात हातखंडा होता. त्याचा मित्र विल्यम थॉमसन, पुढचा लॉर्ड केल्विन, याने कागदावर सिद्ध केलं होतं, की ताणल्यावर जो पदार्थ तापतो, तो ताणलेल्या स्थितीत तापवला तर आखडलाच पाहिजे. एक गोष्ट खरी असेल तर दुसरी खरी असणं भागच आहे. जूलने मोजमापं करून १८५९ मध्ये प्रसिद्ध केली. लोखंडाची तार ताणली की किंचित गार होते, रबर तापतं. आज याला 'गॉफ-जूल परिणाम' म्हणतात. गॉफचं नाव आधी आहे, हे आम्हाला फार बरं वाटतं.

आता उपाधीकडे येऊ. रबराची पट्टी न ताणता, नुसती टेबलावर ठेवून तापवली तर काय होतं? इतर पदार्थांसारखीच ती प्रसरण पावते. म्हणजे 'रबर उष्णतेने आखडतं' हेही वाक्य पाठ करण्याजोगं नाही. आखडतं ते ताणलेलं रबर, आणि तेही पुरेसं ताणलेलं. अगदी थोडं, मूळ लांबीच्या पाच-दहा टक्क्यांच्या आत ताणलं, तर तेही इतर पदार्थांसारखंच वागतं. ताण ही इथली उपाधी. मुलांना शाळेत वाक्य दिलं जातं, उपाधी दिली जात नाही, ही आमची जुनी तक्रार आहे. उपाधी शोधायला प्रयोग करावा लागतो आणि प्रयोगाला परीक्षेत गुण नसतात. 'पदार्थ तापवल्यावर काय होईल?' या प्रश्नाला 'कोणत्या स्थितीत?' असा उलट प्रश्न करणाऱ्या मुलाला आपल्याकडे आगाऊ म्हणतात. गौतमाच्या परंपरेत त्याला पुढच्या ओटीवर बसवलं असतं.

कारण कळायला मात्र १९३०चं दशक उजाडावं लागलं. रबर हे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचं बनलेलं असतं, हेच मुळात १९२०च्या सुमारास श्टाउडिंगर सांगू लागला आणि त्याच्या समव्यवसायिकांनी त्याला वेड्यात काढलं. १९५३ मध्ये त्यालाच नोबेल मिळालं. साखळीचं काम समजून घ्यायला शाळेचं मैदान आठवा. वीस मुलं हात धरून एका ओळीत उभी आहेत. दोन टोकांच्या मुलांना दोघांनी ओढून धरलंय, ओळ सरळ ताणलेली. आता मधल्या मुलांना सांगा, नाचा! हात न सोडता ती जितकी जोरात नाचतील, तितकी ओळ वाकडीतिकडी होईल आणि टोकाची मुलं आत ओढली जातील. उष्णता म्हणजे हे नाचणं. सरळ राहण्याची तऱ्हा एकच, वाकडं राहण्याच्या तऱ्हा असंख्य. रबराची ओढ या असंख्यतेतून येते. लोखंडात असं नाही, तिथे अणू आपापल्या जागी जखडलेले असतात. गॉफच्या शिष्याने, डाल्टनने, अणू मानायला लावले आणि गुरूच्या कोड्याचं उत्तर अखेर त्याच वाटेने आलं.

गॉफचा तिसरा प्रयोग थंडीचा. ताणलेली पट्टी त्याने थंड पाण्यात ठेवली. बाहेर काढून सोडली तर ती आखडेना, आपली ओढ विसरून गेली. कोमट केल्यावर पुन्हा आखडली. आता तुम्हाला एकदम १९८६ मध्ये नेतो. २८ जानेवारीला अमेरिकेचं 'चॅलेंजर' अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सात माणसं गेली. पहाटे कडाक्याची थंडी होती. चौकशी आयोगासमोर ११ फेब्रुवारीला भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्याचा तुकडा शिकंज्यात दाबला आणि समोरच्या बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला. बाहेर काढून शिकंजा सोडला, तर तुकडा लगेच मूळ आकारात येईना. ते रबर वेगळं होतं आणि आतली क्रियाही अगदी गॉफच्या पट्टीतलीच नव्हती. पण प्रश्न तोच होता, कोणत्या तापमानाला? कंपनीतल्या इंजिनियरांनी तो आदल्या रात्री विचारला होता, त्यांचं ऐकलं गेलं नाही.

महाराष्ट्रात हा धागा पुढे नेणारे म्हणून अरविंद गुप्तांचं नाव घ्यायला हवं. पुण्याच्या टेल्कोतले हे इंजिनियर १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी सायकलची वॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीच्या काड्या यांतून भूमितीचे आकार उभे केले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हजारो मुलांच्या हाती कचऱ्यातून खेळणी दिली. ती वॉल्व्ह ट्यूब नरडाण्याच्या पंक्चरवाल्याकडेही मिळते.

तर घरचा अभ्यास. रबराची ओढ निरपेक्ष तापमानाच्या जवळपास प्रमाणात वाढते, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे. जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा ८ अंशांवर येतो, त्याचे झाले २८१. मे महिन्यात दुपारी ४३, त्याचे ३१६. ३१६ला २८१ने भागा, ओढ सुमारे बारा टक्क्यांनी जास्त यायला हवी. म्हणजे तेच कुलूप मे महिन्यात जरा वर लटकायला हवं. एकाच पाकिटातल्या दोन पट्ट्या घ्या. एक आत्ता वापरा, दुसरी अंधारात, हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर खानदेशी उन्हाळा ती चिकट करून टाकेल. एकच पट्टी चार महिने कुलपाखाली टांगून ठेवू नका. ती हळूहळू कायमची लांबते आणि हिशेब बिघडतो. कुलूप तेच, खिळा तोच. कुलूप लावल्यावर दहा मिनिटं थांबा, मग खूण करा आणि शेजारी तापमान लिहा.