क्वेसार, अवरक्त वर्णपट आणि पुण्यातील मतभेदाची परंपरा

प्रस्तावना :
ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ३सी २७३ या ज्योतीच्या वर्णपटातील हायड्रोजनच्या रेषा मार्टेन श्मिट यांनी १९६३ साली ओळखल्या. त्या सुमारे १६ टक्क्यांनी तांबड्या टोकाकडे सरकल्या होत्या. ही ताम्रसृती विश्वप्रसरणामुळे घडते असे मानल्यास हा क्वेसार सुमारे दोन अब्ज प्रकाशवर्षे दूर ठरतो आणि त्याच्या प्रचंड तेजासाठी महाकाय कृष्णविवर मानावे लागते.

नारळीकरांचा आक्षेप :
कोल्हापूर येथे जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांना हे गृहीतक सर्वच क्वेसारांना लागू पडते असे वाटत नव्हते. काही क्वेसारांच्या ताम्रसृतीचे कारण अंतराव्यतिरिक्त अन्य असू शकते, असे ते मांडत राहिले. तथापि, डॉ. अजित केंभावी यांच्यासह १९९९ साली लिहिलेल्या क्वेसारविषयक ग्रंथामुळे विद्यार्थ्यांना या विषयाचे पाठ्यपुस्तक लाभले. नारळीकर संस्थापक संचालक असलेल्या पुण्याच्या 'आयुका'तील आर. श्रीआनंद यांनी २००० साली दोन युरोपीय सहकाऱ्यांसह एका क्वेसारच्या वर्णपटावरून दूरच्या वायुमेघाजवळील पार्श्वप्रारणाचे तापमान ६ ते १४ केल्विन असल्याचे दाखविले. महास्फोट सिद्धांताचे भाकीत सुमारे ९ केल्विन होते. संस्थापकाला अमान्य असलेल्या सिद्धांताला अनुकूल पुरावा त्याच्याच संस्थेतून पुढे आला, ही बाब लक्षणीय आहे.

अवरक्त वर्णपटाचे कार्य :
अतिदूरच्या क्वेसारांच्या अतिनील रेषा पृथ्वीवर पोहोचेपर्यंत अवरक्त भागात येतात. मॅग्नेशियमची ०.२८ मायक्रॉनची रेषा ७.५ ताम्रसृतीला सुमारे २.४ मायक्रॉनवर दिसते. रेषेच्या रुंदीवरून वायूचा वेग, तेजावरून केंद्रापासूनचे त्याचे अंतर आणि या दोहोंवरून कृष्णविवराचे वस्तुमान काढतात. तेज मात्र क्वेसारच्या अंतरावरून ठरते. म्हणून जुना प्रश्न या गणिताच्या मुळाशीच आहे. २०१७ साली जाहीर झालेल्या एका क्वेसारमध्ये सुमारे ८० कोटी सूर्यांइतके वस्तुमान आढळले. त्या वेळी विश्वाचे वय अवघे ६९ कोटी वर्षे होते. इतक्या अल्पावधीत एवढी वाढ कशी झाली, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही.

निष्कर्ष :
पुराव्याचा कल आज विश्वप्रसरणजन्य ताम्रसृतीकडेच आहे. परंतु मतभेद दडपला न गेल्यामुळेच पुराव्याची पारख काटेकोर झाली. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत मोठी दुर्बीण नसली, तरी निष्कर्षाबरोबर त्यामागील गृहीतक शिकविणे प्रत्येक अध्यापकाला शक्य आहे. पुण्यातील या इतिहासाचे शैक्षणिक मोल त्यातच आहे.