हँड वॉर्मर: प्रकार किती, गरम कसे होतात आणि रात्री पाणी द्यायला जाताना कुठला न्यावा?

थंडीचा कडाका वाढला की मोबाईलवर 'हँड वॉर्मर'च्या जाहिराती दिसू लागतात. कुठे चहाच्या पुडीसारखी कापडी पुडी, कुठे पातळ द्रावाने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी, तर कुठे साबणाच्या वडीएवढं चार्जिंगचं यंत्र. सगळ्यांचं काम एकच, खिशात राहून हात शेकणे. मात्र आत जे घडतं ते प्रत्येकात वेगळं आहे. एकात लोखंड गंजतं, दुसऱ्यात द्राव गोठतो, तिसऱ्यात इंधन किंवा कोळसा जळतो आणि चौथ्यात बॅटरीची वीज उष्णता देते. हा फरक माहीत नसला तर पैसे वाया जातात. जळणारी वस्तू बंद खोलीत घेऊन झोपलं तर जिवावरही बेतू शकतं.

गारठ्याचा खरा त्रास रात्री शेतात असणाऱ्यांना. निफाड परिसरात काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्या खाली जातो, द्राक्षबागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. जिथे कृषी पंपाला अजून रात्रपाळीची लाईट आहे, तिथे दारं धरायला मध्यरात्री जावं लागतं. पहाटे दूध काढणारे, ऊसतोडीला निघणारे, भाजीपाला घेऊन बाजार समितीकडे दुचाकीवर जाणारे यांचीही तीच गत. बोटं बधिर झाली की फावडं नीट धरता येत नाही, ब्रेकही वेळेवर दाबला जात नाही.

हातच आधी का गारठतात?

थंडी लागली की शरीर हृदय, फुप्फुसं, यकृत यांची ऊब आधी सांभाळतं. त्यासाठी हातापायांच्या बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरम रक्त तिकडे कमी पोचतं. म्हणून अंगात नुसता सदरा आणि हातात महागडा हँड वॉर्मर असेल तर उपयोग कमीच. छाती, मान आणि डोकं झाकलेलं असेल तर बोटांकडे रक्त जातं.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. ओले हातमोजे घालून बसण्यापेक्षा हात कोरडे पुसून खिशात घातलेले बरे.

पुडीत लोखंड गंजतं

बाजारात सर्वात जास्त मिळणारा प्रकार म्हणजे एकदा वापरून टाकायची पुडी. जपानमध्ये १९७८ साली 'होकारॉन' या नावाने ती विक्रीला आली आणि तिथून जगभर पसरली. हवाबंद पाकीट फोडायचं, पुडी थोडी हलवायची, १५ ते ३० मिनिटांत ती गरम होते. आत लोखंडाची बारीक भुकटी, मीठ, थोडं पाणी, कोळशाची खास भुकटी आणि वर्मिक्युलाईट असतं. हे वर्मिक्युलाईट म्हणजे रोपवाटिकेत ट्रे भरताना वापरतात तेच. पाणी धरून ठेवणं हे त्याचं काम.

विळा किंवा नांगराचा फाळ गंजतो तेव्हाही थोडी उष्णता बाहेर पडते. पण ते काम महिनोन्‌महिने चालतं, त्यामुळे हाताला काही जाणवत नाही. तेच लोखंड भुकटी करून ठेवलं की हवेला लागणारा भाग कैक पटींनी वाढतो. त्यात मीठ गंजण्याचा वेग आणखी वाढवतं, जसे कोकणात खाऱ्या हवेने पत्रे लवकर खराब होतात. महिन्यांचं काम मग काही तासांत उरकतं आणि पुडी साधारण ५० ते ५५ अंशांपर्यंत तापते. छोटी पुडी ८ ते १० तास चालते. विशेष म्हणजे वापरून झालेली पुडी नव्या पुडीपेक्षा थोडी जड भरू शकते, कारण हवेतला ऑक्सिजन लोखंडाला चिकटून आत बसलेला असतो.

या पुडीला हवा लागतेच. घट्ट गमबुटात कोंबली, ओल्या खिशात ठेवली किंवा वरून पाणी पडलं की ती थंड पडते. लोकांना वाटतं माल खराब निघाला, प्रत्यक्षात तिचा श्वास कोंडलेला असतो. बाहेर काढून कोरडी केली, हलवली तर बऱ्याचदा पुन्हा गरम होते. पायासाठी वेगळ्या पुड्या मिळतात, त्या कमी हवेत चालतील अशा बनवलेल्या असतात.

याच गुणाचा उपयोग पैसे वाचवायलाही होतो. पाणी देण्याचं काम तीन तासांत संपलं तर पुडी फेकून देऊ नये. झिप असलेल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढावी आणि पिशवी घट्ट बंद करावी. ऑक्सिजन तुटला की गंजणं थांबतं. दुसऱ्या रात्री पिशवी उघडून पुडी हलवली की काम सुरू. असं करून एकच पुडी दोन-तीन रात्री पुरवता येते. विकत घेताना बंद पाकिटातली पुडी दाबून पाहावी. भुकटी आत सुटी हलली तर ठीक. दगडासारखा गोळा लागला तर पाकिटाला कुठेतरी भोक आहे आणि लोखंड आधीच गंजून गेलेलं आहे.

केदारनाथला जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. मंदिर ३,५८३ मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवेत आपल्याकडच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. त्यामुळे ही पुडी तिथे गावाकडच्यापेक्षा मंद चालते, नेमकी थंडी जास्त असते तिथेच.

कट्ट केलं की गोठणारी पिशवी

दुसऱ्या प्रकारात पारदर्शक पिशवीत पाण्यासारखा द्राव आणि एक छोटी धातूची चकती असते. चकती वाकवली की 'कट्ट' आवाज येतो, तिथून पांढरे स्फटिक पसरतात आणि बघता बघता अख्खी पिशवी घट्ट होऊन गरम होते. मुलांना ही जादूच वाटते.

आतला पदार्थ म्हणजे सोडियम ॲसिटेट. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केल्यावर तयार होणारं हे मीठ, खाद्यपदार्थ टिकवायलाही वापरतात. ते ५८ अंशांना वितळतं. वितळल्यावर सावकाश थंड केलं तर मात्र ते गोठायचं विसरतं आणि साध्या तापमानालाही पातळच राहतं. चकती वाकवली की पहिला स्फटिक तयार होतो आणि मग बाकीचा द्राव त्याच्यामागे भराभर गोठतो. वितळताना शोषलेली उष्णता गोठताना परत मिळते. गोठताना गरम होणं ऐकायला उलटं वाटतं, पण पाण्याचा बर्फ होतानाही उष्णता बाहेरच पडते. फक्त ती शून्य अंशाला पडते म्हणून हाताला कळत नाही.

ही पिशवी साधारण ५४ अंशांपर्यंत जाते आणि हाताएवढ्या आकाराची असेल तर अर्धा ते एक तास ऊब देते. नंतर फडक्यात गुंडाळून उकळत्या पाण्यात ठेवावी. सगळे स्फटिक विरघळून द्राव स्वच्छ झाला की पुन्हा तयार. एक खडा जरी राहिला तरी थंड होताना ती आपोआप गोठून जाते. फडकं अशासाठी की भांड्याच्या तळाला प्लॅस्टिक चिकटून फुटू नये. सांधेदुखीला शेकायला किंवा शाळेत जाणाऱ्या पोराच्या खिशात द्यायला ही चांगली. रात्रभराच्या कामाला पुरत नाही.

चार्जिंगचा वॉर्मर

यात मोबाईलसारखीच लिथियम बॅटरी असते. वीज तारेतून किंवा पातळ पट्टीतून जाते आणि तिचं कवच तापतं. किती वेळ चालेल याचा हिशेब सोपा आहे. ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १८ वॉट-तास. वॉर्मर ३ ते ४ वॉट वीज खात असेल तर पाच-सहा तास मिळतील, जास्त गरम करून ठेवला तर त्याहून कमी. '५,००० एमएएचमध्ये २० तास फुल गरम' असं कोणी छापलं असेल तर ते मानू नये.

सुरुवातीचा खर्च जास्त, पण हिवाळ्यात ४० रात्री पाणी द्यायचं असेल तर दोन हातांच्या ८० पुड्या लागतात, तोही हिशेब करावा. पाण्यात पडला तर मात्र खेळ खल्लास. पॉवर बँक म्हणूनही चालणारं यंत्र असेल तर त्यावर बीआयएसची नोंदणी आहे का ते पाहावं. फुगलेली बॅटरी वापरू नये, उशीखाली ठेवून चार्जिंगला लावू नये.

जळणारे प्रकार: इथे सावध

जपानमध्ये १९२३ साली निइची मातोबा यांनी 'हाक्किन काइरो' नावाचा वॉर्मर बाजारात आणला. हाक्किन म्हणजे प्लॅटिनम. धातूच्या डबीत कापूस, कापसात बेंझिन, वर प्लॅटिनम लावलेली जाळी. एकदा जाळीला ज्योत दाखवून तापवलं की बेंझिनची वाफ तिथे ज्योतीशिवाय सावकाश जळत राहते. एका भरणीत २४ तासांपर्यंत ऊब मिळते. असे वॉर्मर आजही मिळतात. बेंझिन संपलं म्हणून गाडीतलं पेट्रोल त्यात टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. पेट्रोलमधल्या इतर घटकांनी जाळी निकामी होते आणि आग लागण्याचा धोका असतो. दुसऱ्या एका प्रकारात धातूच्या छोट्या डबीत कोळशाची कांडी पेटवून ठेवतात.

यांची थोरली बहीण म्हणजे काश्मीरची कांगडी. विणलेल्या टोपलीत मातीचं भांडं, त्यात निखारे, आणि ती फेरनच्या आत पोटाशी धरलेली. वर्षानुवर्षे एकाच जागी शेक बसून पोटाच्या आणि मांडीच्या कातडीला होणारा कर्करोग वैद्यकशास्त्रात 'कांगडी कॅन्सर' म्हणून ओळखला जातो. विल्यम एल्म्सली या डॉक्टरांनी त्याची नोंद १८६६ मध्येच केली होती.

कोळसा उघड्यावर जळतो तेव्हा फारसा प्रश्न नसतो. बंद खोलीत मात्र त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि झोपेत असलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं. उलट लाल निखाऱ्यांची धूर नसलेली शेगडीच लोक खोलीत नेतात. पंपाच्या खोलीत, कोपीत, ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये किंवा बाळंतिणीच्या खोलीत दार लावून निखारे, कोळशाचा किंवा बेंझिनचा वॉर्मर ठेवू नये. कोणी असं बेशुद्ध सापडलं तर आधी दारं-खिडक्या उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावं आणि लगेच १०८ ला फोन करावा.

मग रात्री दारं धरायला काय न्यावं?

पाण्यात हात घालायचा असल्याने हातात काहीही धरून उपयोग नाही. वॉर्मर आतल्या कोरड्या खिशात ठेवावा आणि मधूनमधून हात पुसून तिथे शेकावे. रोजचं काम असेल तर चार्जिंगचा, कधीमधीचं असेल तर लोखंडाची पुडी. दोन्ही नसेल तर अर्धा लिटरच्या स्टीलच्या साध्या बाटलीत सोसेल इतकं गरम पाणी भरून वर जुना लोकरी मोजा चढवावा. १०० ग्रॅमच्या कट्ट करणाऱ्या पिशवीपेक्षा त्यातून किमान दुप्पट उष्णता मिळते आणि खर्च जवळजवळ शून्य. थर्मासची बाटली घेऊ नये, ती उष्णता बाहेर सोडतच नाही.

कुठलाही वॉर्मर उघड्या कातडीला लावून झोपू नये. ४४ अंश म्हणजे हाताला नुसतं कोमट वाटतं, पण तेवढ्यावरही सहाएक तास एकाच जागी राहिलं तर भाजतं. मधुमेहामुळे हातापायांची संवेदना कमी झालेल्यांना चटका कळतच नाही, फोड सकाळी दिसतो. म्हाताऱ्या माणसांना, तान्ह्या बाळांना आणि दारू पिऊन झोपलेल्यांना हाच धोका.

वापरलेली लोखंडाची पुडी कोरड्या कचऱ्यात टाकावी. बांधावर, गोठ्यात किंवा चाऱ्याजवळ टाकू नये, जनावरं कापडासकट खातात. लहान मुलाने आतली भुकटी गिळली तर पाकीट सोबत घेऊन दवाखान्यात जावं. खराब झालेला चार्जिंगचा वॉर्मर शेकोटीत टाकू नये, बॅटरी फुटते. तो ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावा.