चिंध्यांचा झरा

स्कॉटलंडच्या उत्तरेला, इन्व्हरनेसच्या पलीकडे ब्लॅक आयल नावाचं द्वीपकल्प आहे. तिथल्या फोर्ट्रोज गावात रॉसच्या बिशपांचं लाल वालुकाश्माचं कॅथीड्रल होतं. १५६० साली स्कॉटलंडने पोपची सत्ता झुगारली आणि १५७२ मध्ये कॅथीड्रलच्या छपरावरचं शिसं लॉर्ड रदव्हेन याला देऊन टाकण्यात आलं. छप्पर गेल्यावर भिंती किती तग धरणार? पुढे इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्याने इथले दगड इन्व्हरनेसच्या किल्ल्यासाठी नेले, असं तिथले लोक सांगतात. आज दक्षिणेकडची एक बाजू आणि एक वेगळी छोटी इमारत, एवढंच शिल्लक आहे.

शेजारच्या नॉकबेन पॅरिशमध्येही, म्हणजे तिथल्या चर्चच्या कार्यक्षेत्रातही, तीच गत. सडी आणि किलम्यूर वेस्टर हे दोन जुने पॅरिश जोडून १७५६ मध्ये तो झाला. सडीचं जुनं चर्च आता थडग्यांच्या सोबतीने पडून आहे.

पण याच टापूत, मनलॉकी गावाबाहेर रस्त्यालगतच्या झाडीत एक झरा आहे. त्याला ना भिंत, ना छप्पर, ना पुजारी. तो मात्र आजही जागता आहे.

हा झरा संत बॉनिफेसचा, म्हणजेच क्युरिटनचा मानतात. युद्धात बायका-मुलांना मारू नये असा कायदा ६९७ साली आयर्लंडमध्ये जाहीर झाला. त्याच्या हमीदारांत क्युरिटन नावाचा बिशप आहे. अशा माणसाच्या नावाच्या पाण्याशी आया आजारी लेकरं घेऊन येत, हे मला फार मोलाचं वाटतं.

रीत साधी. सूर्याच्या दिशेने झऱ्याला प्रदक्षिणा घालायची, चिंधी पाण्यात भिजवायची, दुखऱ्या भागाला लावायची आणि झाडाला बांधायची. श्रद्धा अशी, की चिंधी कुजत जाईल तसतसा आजार उतरतो. दुसऱ्याची चिंधी सोडली, तर त्याचं दुखणं आपल्या अंगाला येतं.

१५८१ साली स्कॉटिश संसदेने अशा झऱ्यांच्या यात्रांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला दंड, दुसऱ्याला देहान्त. चर्चची पंचमंडळी भाविकांना बोलावून जाब विचारत. तरी लोक जात राहिले, कारण ताप आलेल्या मुलाच्या आईला दुसरं दार नव्हतं.

मी गेले तेव्हा फांद्यांवर बाळाचे मोजे होते, नावं लिहिलेल्या फिती होत्या, आणि पॉलिस्टरचे झगझगीत टी-शर्टही होते. माझा जीव कळवळला तो त्या टी-शर्टांपाशी. जे कुजतच नाही, ते आजार कसा नेणार? वर त्या गाठी खोडाला काचतात. २०२२ च्या सुरुवातीला कुणीतरी एकट्यानेच तिथलं जवळजवळ सगळं काढून टाकलं, तेव्हा गावकरी संतापले. दुसऱ्याची चिंधी सोडू नये, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

कायद्याला जे साधलं नाही, ते आपल्या हौशी निष्काळजीपणाला साधेल, ही माझी भीती आहे. तिकडे गेलात तर सुती किंवा लोकरी चिंधीच न्या, गाठ सैल बांधा, आणि आधीच्या कुणाच्याही चिंधीला हात लावू नका.