घाटाखालची सरहद्द

वाचकहो, ‘सरहद्द’ हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? तारेचे कुंपण, चौकी आणि खांद्यावर बंदूक टाकून फेऱ्या घालणारा शिपाई. मी आज ज्या सरहद्दीविषयी सांगणार आहे तिच्यावर यांतले काहीच नाही. कर्जत स्टेशनाला लागून असलेल्या भिसेगावात उभे राहा आणि उगवतीकडे पाहा. सह्याद्रीची ती जी भिंत दिसते ना, तीच ती सरहद्द. वर देश, खाली कोकण.

भिंत म्हटले खरे, पण हा शब्द फसवा आहे, बरे का! या भिंतीला दारेच फार. बोरघाट आहे, कुरवंड्याचा घाट आहे, राजमाचीकडे चढणाऱ्या पायवाटा आहेत. उल्हास नदी या डोंगरांतून उतरते आणि कल्याणकडे जाते. कल्याण हे दोन हजार वर्षांपूर्वीचे नामांकित बंदर. तेव्हा बंदरातला माल देशावर चढायचा तो याच बाजूने. वर कार्ले-भाजे येथील लेणी आणि खाली राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी, ही या वाटेची जुनी साक्ष. कोंडाण्याच्या दगडावर कोरले आहे की, कान्हाचा शिष्य बालक याने हे काम केले. राजाचे नाव नाही, कारागिराचे आहे! इतिहासात असे क्वचितच घडते, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता सतराव्या शतकात येऊ. १६६० साली शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला. त्याला घाटाखालचे कोकण हवे होते. त्याने कारतलबखानाला फौज देऊन धाडले. सोबत रायबागन ही शूर सरदारीण होती. खान लोहगडाच्या बाजूने आला आणि रुळलेला बोरघाट सोडून कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला. पुढे उंबरखिंड. हे ठिकाण खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ आहे. दोन्ही अंगांना डोंगर, दाट रान, मध्ये चिंचोळी वाट. लांबलचक फौज त्या वाटेत पुरी शिरली आणि शिवाजी महाराजांनी पुढची आणि मागची अशी दोन्ही तोंडे बंद केली. तो दिवस २ फेब्रुवारी १६६१. पाणी मिळेना, हलता येईना. अखेर रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने खंडणी भरली आणि महाराजांनी त्याला जाऊ दिले. शिक्षकबंधूंनो, वर्गात ही लढाई सांगताना आपण तलवारीवर भर देतो. मला वाटते, भर वाटेवर द्यावा. खानाजवळ माणसे कमी नव्हती, वाटेची माहिती कमी होती.

पुढे हीच सरहद्द उलट्या दिशेने ओलांडली गेली. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलला उतरून बोरघाट चढली. तिला पुण्याला जाऊन राघोबादादांना गादीवर बसवायचे होते. मराठ्यांनी गवत जाळले, रसद तोडली, फौजेला पुढे पुढे येऊ दिले. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. हाच आपल्या लोकांचा ‘इष्टुर फाकडा’. शत्रू असून त्याला फाकडा म्हणावे, हा मनाचा मोठेपणा मराठी माणसाचाच! जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना तह करावा लागला.

पण चाळीस वर्षांत पेशवाई गेली आणि दाराची किल्ली इंग्रजांकडे आली. १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला. बैलांच्या पाठीवरचा माल गाड्यांवर आला. १८५६ साली घाटातल्या लोहमार्गाचे काम सुरू झाले आणि १८६३ साली गाडी घाट चढली. पंचवीस बोगदे, आणि चढण इतकी की सदतीस फुटांमागे एक फूट. ठेकेदार ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येताच थोड्या दिवसांत वारला, तेव्हा त्याच्या पत्नीने, अॅलिसने, ठेका पुढे चालवला. हे नाव पुस्तकांत सापडते. १८६१ साली या कामावर चाळीस हजारांवर मजूर होते. पटकी आली, ताप आला, दरडी आणि सुरुंग होतेच. हजारोंनी माणसे गेली. त्यांची नावे कोणी लिहिली? कोंडाण्याच्या बालकाला जे मिळाले ते यांना मिळाले नाही.

मात्र लोकांनी आपल्या परीने एक नाव राखून ठेवले आहे. बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. गोष्ट अशी सांगतात की, साहेबाला घाटाची वाट सापडेना, ती एका धनगराने दाखवली. बक्षीस काय हवे, असे विचारताच तो म्हणाला, ‘आमचा देश आम्हाला द्या.’ साहेबाने त्याला गोळी घातली. कागदपत्रांच्या कसोटीला ही कथा उतरेल असे मी म्हणत नाही. पण वाट आमच्या माणसाला ठाऊक होती हा तिच्यातला दावा मला खरा वाटतो.

कागदावरची हद्दही सरकत राहिली. कर्जत आधी ठाणे जिल्ह्यात होते, ते १८९१ मध्ये कुलाबा जिल्ह्यात आले. १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. नकाशे बदलले तरी घाटाची चढण तीच राहिली. आजही जड गाडी कर्जतला थांबते आणि मागून ढकलायला जादा इंजिने लागतात. ती वर जाताना पाहायची असेल तर भिसेगावासारखी जागा नाही. आणि शिक्षकबंधूंनो, मुलांना घेऊन गेलात तर वाटेत एखादा ठाकर किंवा कातकरी म्हातारा भेटेलच. त्याला विचारा, ‘बाबा, वर जायच्या वाटा किती?’ तो एकेक नाव सांगू लागला की मुलांना ती वहीत उतरवून घ्यायला सांगा.